आयर्लंडमध्ये नवे आहात? मग आधी ‘फॉल्च’ म्हणायला शिका

आयर्लंडमध्ये पाऊल टाकलं की विमानतळावर, हॉटेलच्या दारावर, गावाच्या वेशीवरच्या पाटीवर एक शब्द सारखा समोर येतो. इंग्रजी अक्षरं अशी: एफ, मग डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग आय, एल, टी आणि ई. आपण इंग्रजीच्या सवयीनं तो ‘फाइल्टे’ किंवा ‘फेल्टे’ असा वाचून मोकळे होतो. खरा उच्चार आहे ‘फॉल्च’ आणि अर्थ आहे स्वागत.

शिकायला आलेले विद्यार्थी, इस्पितळात रुजू झालेल्या नर्स, आयटीतली मंडळी, त्यांच्यामागून आलेले नवरे-बायका आणि चार महिने नातवंडांकडे राहायला आलेले आजी-आजोबा, या सगळ्यांसाठी हा लेख आहे. आयरिश आली नाही म्हणून इथं कुणाचं काही अडत नाही. दुकान, बँक, दवाखाना, शाळा, सगळीकडे इंग्रजी चालतं. पण १९३७ च्या राज्यघटनेनं आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला आहे आणि पाट्यांवर, बसमध्ये, सरकारी कागदांवर ती रोज डोळ्यांना आणि कानांना लागते. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं नोंदवलं. शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना थोडी थोडी येते, आणि परक्या माणसानं तिच्यातला एक शब्द जरी नीट म्हटला तरी त्यांना बरं वाटतं.

सुरुवातीलाच एक आग्रहाचं सांगणं: आयरिश उच्चार शिकताना इंग्रजीच्या वाटेनं जाऊ नका. इंग्रजी मार्गदर्शिकांत या शब्दाचा उच्चार ‘फॉल-चा’ असा दिलेला असतो. इंग्रजीला शेवटचा आखूड ‘अ’ धड लिहिता येत नाही, म्हणून तिथं ‘आ’ येतो. तो वाचून आपण ऐटीत ‘फॉलचाऽ’ म्हणतो आणि शब्दाची शेपटी लांबवतो. मराठी जिभेकडे यातले जवळपास सगळे आवाज तयार आहेत. दंत्य त आणि द आहेत, स्वच्छ ल आहे, तालव्य च आहे, आखूड अ आहे. मराठीतून थेट आयरिशमध्ये गेलात तर अर्धी वाट आधीच चाललेली असते.

पायरी १ : डोक्यावरची रेघ वाचा

त्या तिरक्या रेघेचं नाव ‘फादा’. आयरिशमध्ये फादाचा अर्थच ‘लांब’ असा आहे. ज्या स्वरावर ती असते तो दीर्घ. आपल्याकडे दिन आणि दीन, सुत आणि सूत यांत जो फरक आहे तोच इथं रेघ करते, आणि शब्दही तसाच बदलतो. ‘शॉन’ हे पुरुषाचं नाव लिहिताना ए वर फादा असतो. तो काढला की उरतो ‘शॅन’, म्हणजे म्हातारा. ऑफिसातल्या एखाद्या शॉनला ईमेल लिहिताना रेघ गाळली तर तो रागावणार नाही, हसेल फार तर. आपल्या नावातला काना कुणी खाल्ला तर आपल्याला जसं वाटतं तसंच त्याला वाटत असणार.

आपल्या शब्दात फादा ए वर आहे, म्हणून तो ‘फॉ’ लांब म्हणायचा. आयरिश शब्दात जोर बहुधा पहिल्या अवयवावर असतो, त्यामुळे लांबीही इथंच आणि जोरही इथंच. उरलेला शब्द हलक्यानं सोडून द्यायचा.

फोनवर रेघ काढणं सोपं आहे, ए चं बटण दाबून धरलं की पर्याय वर येतात. विंडोज संगणकावर आयरिश कीबोर्ड निवडला की उजवीकडची ‘ऑल्ट जीआर’ कळ धरून ए दाबायचा. हे आत्ताच जमवून ठेवा, पुढे बॅनरच्या वेळी लागेल.

पायरी २ : शब्द तोंडात बसवा

आता सावकाश, एकेक आवाज घेऊ.

फ : ‘फळ’ म्हणताना पुष्कळ जण दोन्ही ओठ मिटतात, तो फ नको. ‘ऑफिस’ किंवा ‘फॅन’ म्हणताना हवा घासत बाहेर जाते, तो फ हवा.

ऑ : ‘डॉक्टर’मधला ऑ, पण लांब. हा स्वर प्रांताप्रांतानुसार सरकतो. दक्षिणेकडच्या मन्स्टरमध्ये आणि पश्चिमेच्या कॉनमारामध्ये तो ‘ऑ’कडे झुकतो, तर उत्तरेकडच्या डॉनेगॉलमध्ये ‘आ’ आणि ‘ॲ’च्या मध्ये कुठेतरी पडतो. डॉनेगॉलच्या माणसानं ‘फाल्च’ म्हटलं तर ते चुकीचं नाही, ते त्याच्या मातीतलं आहे. नागपूरकराच्या मराठीला पुणेकरानं नाक मुरडावं तसं करू नका.

ल : आपला नेहमीचा, जीभ दातांमागे टेकवून म्हटलेला. इंग्रजीत ‘बॉल’ म्हणताना शेवटी ल घशात जातो, तो नको. इथं आपण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पुढे आहोत.

च : खरी मेख इथंच आहे. मराठीत च दोन. ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ यांतला दंत्य च एक आणि ‘चार’, ‘चंद्र’, ‘चिमणी’ यांतला तालव्य च दुसरा. आपल्याला हवा तो ‘चार’मधला. ‘चाक’मधला च घातलात तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येईल. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. मन्स्टरमध्ये, म्हणजे केरी आणि कॉर्ककडे, हा आवाज ‘च’पेक्षा ‘त्य’सारखा येतो, ‘त्याला’मधल्या त्य सारखा. तिथं ‘फॉल्त्य’ ऐकू आलं तर गोंधळू नका.

शेवटचा अ : ‘गोष्ट’, ‘मस्त’, ‘शिस्त’ हे शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. ‘काच’ किंवा ‘घर’ म्हणताना शेवटचा अ आपण गिळतो, पण ‘गोष्ट’च्या शेवटी जोडाक्षरामुळे तो किंचित उरतो. तेवढाच अ ‘फॉल्च’च्या शेवटी हवा. त्याचा ‘आ’ करायचा नाही आणि ‘ए’ही करायचा नाही.

आता ‘गोष्ट, शिस्त, फॉल्च’ असे तीन शब्द एका दमात म्हणा. शेवट तिन्हींचा सारखा ऐकू आला तर काम झालं.

पायरी ३ : ‘आय’ कुठे गेला, हे एकदा समजून घ्या

हे कळलं की पुढचे पन्नास शब्द आपोआप वाचता येतात, म्हणून इथं थोडं थांबूया.

आयरिशमध्ये प्रत्येक व्यंजनाची दोन रूपं असतात. एक रुंद, दुसरं बारीक. ए, ओ, यू हे रुंद स्वर आणि ई, आय हे बारीक स्वर. व्यंजनाच्या अलीकडे-पलीकडे जो स्वर असेल त्याप्रमाणे व्यंजन रुंद किंवा बारीक होतं. लिहिण्याचा नियम असा की व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीचे स्वर हवेत. शाळेतल्या मुलांकडून तो घोकून घेतात: ‘बारीकाला बारीक, रुंदाला रुंद’.

आपल्या शब्दात शेवटी ई आहे, म्हणजे बारीक. मग एल आणि टी यांच्या डाव्या बाजूलाही बारीक स्वर हवा, म्हणून तिथं आय आणून बसवला आहे. त्याचा स्वतःचा आवाज नाही. त्याचं काम एवढंच की ‘पुढची व्यंजनं बारीक म्हणा’ अशी सूचना देणं. बारीक टी म्हणजे उत्तरेत आणि पश्चिमेत जवळजवळ च, दक्षिणेत त्य. रुंद टी म्हणजे आपला साधा दंत्य त. इंग्रजीतला ट आयरिशमध्ये नाहीच म्हटलं तरी चालेल.

हाच हिशेब ‘स्लॉन्च’ला लावून पाहा. पेला उंचावताना आयरिश माणसं म्हणतात तो हा शब्द. लिहिताना शेवट तसाच, आय-एन-टी-ई, आणि उच्चारही त्याच वळणाचा. अर्थ मात्र आरोग्य. आरोग्य खात्याच्या कागदांवर आणि पाट्यांवर तो असतोच, त्यामुळे नर्स मंडळींना पहिल्या आठवड्यातच भेटतो. नवखी माणसं हे दोन शब्द हटकून एकमेकांत मिसळतात. पबमध्ये पेला उंचावून कुणी ‘फॉल्च!’ म्हणालं की सगळं टेबल हसतं.

पायरी ४ : अर्थ, थोडा मागे जाऊन

आज ‘फॉल्च’ म्हणजे स्वागत. जुन्या आयरिशमध्ये याच शब्दाचा अर्थ आनंद, हर्ष असाही होता. ‘तुम्ही आलात, आनंद झाला’ यातला आनंद म्हणजेच हा शब्द.

पाहुणचाराला तिथं जुना आधार आहे. ब्रेहन कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मध्ययुगीन आयरिश कायद्यात आल्यागेल्याला निवारा आणि जेवण देणं हे घरमालकाचं कर्तव्य धरलेलं होतं, आणि विनाकारण पाहुण्याला परत पाठवणं हा दोष होता. ‘ब्रिउगू’ नावाचा श्रीमंत गृहस्थ तर येईल त्याला जेवू घालण्याच्या जोरावर समाजात सरदाराच्या तोडीचा मान मिळवत असे. आजच्या डब्लिनमध्ये घरभाडं पाहिल्यावर हे सगळं दंतकथा वाटण्याची शक्यता आहे, ते सोडून द्या.

या शब्दाची घरातली माणसंही ओळखून ठेवा. हॉटेलात किंवा इस्पितळात शिरल्यावर ‘फॉल्चू’ अशी पाटी दिसली तर ते रिसेप्शन. ‘फॉल्चख’ म्हणजे अगत्यशील. शेवटचा ख इथं घशात घासून म्हणायचा, उर्दू गाणी ऐकणाऱ्यांना ‘ख़त’मधला तो आवाज ठाऊक असेल.

तोच घासलेला ख आयर्लंडच्या पंतप्रधानाच्या पदनामात आहे. बातम्यांत ते ‘टीशख’ असं ऐकू येतं. लिहिताना टी-ए-ओ-आय-एस-ई-ए-सी-एच अशी अक्षरांची रांग लागते आणि नवा माणूस गडबडतो. मराठी माणसाला हे पद जवळचं वाटायला कारण आहे. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात ते भूषवणारे लिओ वराडकर यांचे वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, आणि घराण्याचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पंतप्रधान असताना, २०१९ च्या डिसेंबरात, ते त्या गावी येऊनही गेले.

पायरी ५ : लाखाचं स्वागत

एकटा ‘फॉल्च’ जमला की पुढचा मुक्काम म्हणजे टॉवेलांवर, पायपुसण्यांवर, पबच्या कमानींवर लिहिलेलं प्रसिद्ध वाक्य: ‘क्येद मील्य फॉल्च’.

क्येद म्हणजे शंभर, मील्य म्हणजे हजार. शंभर हजार स्वागतं. इंग्रजीत याचं भाषांतर करताना तीन शब्द खर्ची पडतात, आपल्याकडे ‘लाख’ म्हटलं की संपलं.

उच्चारासाठी मराठीतच तीन आधार घ्या. ‘क्येद’चा शेवट ‘वेद’सारखा, दंत्य द, ड नव्हे. सुरुवातीच्या क ला य चा हलका स्पर्श. ‘मील्य’ अगदी ‘मूल्य’च्या वजनावर. ‘फॉल्च’ येतोच. जोर प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अवयवावर. इंग्रजी वळणानं ‘केड मीला फॉल्चा’ असं ऐकू येईल. स्वतः आयरिश माणसंही घाईत तसं म्हणतात, तरी आपण शिकताना नीट शिकावं.

संख्येनंतर नाम एकवचनीच राहतं, ही यातली एक मजा. शंभर हजार असूनही ‘फॉल्च’चं अनेकवचन होत नाही. ‘लग्नाला हजार माणूस जेवून गेलं’ असं म्हणणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही.

आणि इथंही रेघ सांभाळा. क्येदमधल्या ई वर फादा आहे. तो गाळला तर शब्द होतो ‘क्यॅद’, म्हणजे परवानगी. आयर्लंडच्या वाहन परवान्याच्या कार्डावर आयरिशमध्ये जो शब्द छापलेला असतो, ‘क्यॅदूनस’, तो यातूनच आलेला. स्वस्तातल्या भेटवस्तूंवर रेघ गाळलेलं ‘क्येद मील्य फॉल्च’ सर्रास मिळतं, आणि भाषा जाणणारा माणूस ते वाचून गालात हसतो. विकत घेताना दोन्ही ठिकाणच्या रेघा आणि मील्यमधल्या आय वरची तिसरी रेघ मोजून घ्या.

‘क्येद’ला दुसराही अर्थ आहे: पहिला. डब्लिनच्या लुआस ट्राममध्ये बसलात की थांबा जवळ आल्यावर आयरिश घोषणा कानावर पडते, ‘अन ह्येद स्तद एल्य’, म्हणजे पुढचा थांबा. शब्दशः ‘पहिला दुसरा थांबा’. ‘अन’ हे उपपद आधी आल्यामुळे क चा ह्य झाला आहे, शब्द तोच. दोन-तीन दिवस कान देऊन ऐकलंत तर ‘क्येद’ कायमचा डोक्यात बसेल. ‘लुआस’चा अर्थही त्याच प्रवासात शिकून टाका: वेग.

आणखी एक लाघवी रूप ऐकायला मिळतं: ‘फॉल्च इस फिह्य’. फिह्य म्हणजे वीस. स्वागत आणि वर आणखी वीस.

पायरी ६ : एकाला काय म्हणायचं, चौघांना काय

दारात उभ्या असलेल्या एका माणसाला म्हणायचं: ‘फॉल्च रोत’. दोन किंवा जास्त माणसांना: ‘फॉल्च रोव’. लांब ओ, शेवट हलका. काही भागांत ते ‘रूत’, ‘रूव’ असंही ऐकू येतं. पूर्ण वाक्य हवं असेल तर आधी ‘तॉ’ लावा: ‘तॉ फॉल्च रोत’. शब्दशः अर्थ ‘तुझ्यापुढे स्वागत आहे’.

मराठी माणूस इथं एका ठिकाणी हमखास अडखळतो. सासऱ्यांच्या वयाचे शेजारी आले की आपल्याला आपोआप अनेकवचन सुचतं, ‘तुमचं स्वागत’. आयरिशमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. एकटे आजोबा आले असतील तर त्यांनाही ‘रोत’च. ‘रोव’ म्हणालात तर ते मागे वळून बघतील, आणखी कोण आलंय म्हणून. आदर शब्दाच्या रूपात नसतो, तो आवाजात आणि पुढे केलेल्या चहात असतो.

सभेत बोलायला उभं राहिलात तर ‘अ खार्ज्य, फॉल्च रोव गे लेर’ एवढं पुरतं. मित्रहो, आपणा सर्वांचं स्वागत. ‘खार्ज्य’चा ख पुन्हा घासूनच. पुढचं भाषण बिनधास्त इंग्रजीत करा. समारंभात सुरुवातीचे दोन-चार आयरिश शब्द बोलून इंग्रजीकडे वळण्याची तिथं रीतच आहे, त्याला ‘कूप्ल फोकल’ म्हणतात, म्हणजे चार शब्द. मंत्र्यांपासून क्लबच्या अध्यक्षापर्यंत सगळे ती पाळतात.

ऐकायला मिळण्याची गोष्ट वेगळी. पश्चिमेकडच्या एखाद्या लहान गावात बेड अँड ब्रेकफास्टला गेलात, बॅग ओढत दारात पोहोचलात, की मालकीणबाई बहुधा इंग्रजीतच म्हणतील, ‘यू आर व्हेरी वेलकम’. तुम्ही आभार मानलेले नसताना हे वाक्य आधीच कसं, असा प्रश्न पडतो. ते आभाराचं उत्तर नव्हे. ‘तॉ फॉल्च रोत’ हे आयरिश वाक्य इंग्रजी कपडे घालून आलेलं आहे. त्यावर ‘थँक यू’ म्हणावं आणि बूट पुसून आत जावं.

आयरिशमध्ये उत्तर द्यायचं तर एकाला ‘गर मा अगत’, अनेकांना ‘गर मा अगव’. धन्यवाद. आणि आभारांवर पुन्हा उत्तर म्हणूनही ‘तॉ फॉल्च रोत’ चालतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘त्यात काय एवढं’ असा होतो.

पायरी ७ : कुठे म्हणावं, कुठे म्हणू नये

‘फॉल्च’ हे यजमानानं पाहुण्याला म्हणायचं असतं. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी शिरताना तुम्हीच ‘फॉल्च!’ म्हणालात तर ते पाहुण्यानं दारात उभं राहून ‘या, या, बसा’ म्हणण्यासारखं होईल. भेटल्यावर नमस्काराऐवजी वापरायचं असेल तर ‘जीअ ग्विच’ आहे, उत्तर ‘जीअ इस म्विर ग्विच’. निरोपाला ‘स्लॉन’. गावाबाहेर पडताना रस्त्याच्या कडेला ‘स्लॉन अवाल्य’ दिसलं तर ‘सुखरूप घरी जा’.

तुमची वेळ येईल ती तुम्ही यजमान असाल तेव्हा. घरी गणपती बसवला, दिवाळीला शेजारच्या कुटुंबाला फराळाला बोलावलं, मंडळाच्या कार्यक्रमाला नगरसेवक आले, तेव्हा दारावर मराठी ‘सुस्वागतम्’च्या शेजारी ‘फॉल्च रोव’ लिहा. अनेकांसाठी लिहायचं असल्यानं इथं ‘रोव’ हेच रूप. आयरिश शेजारी पाटीसमोर थांबून फोटो काढतील, हे मी पैजेवर सांगतो. फ्लेक्स छापायला टाकण्याआधी रेघा तपासा, कारण फॉन्ट बदलताना त्या गळून पडतात आणि छापून आल्यावर काही करता येत नाही.

‘अमुक ठिकाणी स्वागत’ असं हवं असेल तर मध्ये ‘ग’ येतो: ‘फॉल्च ग गाल्यिव्ह’, म्हणजे गॉलवेत स्वागत. पुढचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर त्याला ह चिकटतो: ‘फॉल्च ग हेरिन’, आयर्लंडमध्ये स्वागत. हेरिन म्हणजे ‘एरिन’च, म्हणजे आयर्लंड, ह तेवढा जोडलेला. पाटीवर हा एच लहान आणि पुढचा ई मोठा छापलेला दिसतो, ती छपाईची चूक नाही.

आणखी एक चकवा. ‘फॉल्च’ स्त्रीलिंगी आहे. त्याच्या आधी ‘अन’ लागलं की एफनंतर एच येतो, आणि ही जोडी मुकी असते. मग ‘अन फॉल्च’ न होता ‘अन ऑल्च’ होतं, फ पूर्ण गायब. कुणी असं बोललं तर तो तुमचाच ओळखीचा शब्द आहे हे लक्षात असू द्या.

शब्दसंभाराचा विषय निघालाच आहे तर, भाषेला इंग्रजीत ‘आयरिश’ म्हणा. ‘गेलिक’ म्हटलं तर काहींना ते खटकतं, काहींना त्या नावाचा फुटबॉल आठवतो, आणि स्कॉटलंडच्या भाषेशीही घोळ होतो. भाषेचं स्वतःच्या तोंडचं नाव ‘गेल्ग्य’. उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टकडे, या भाषेला राजकारणाची किनार आहे. तिथल्या कायद्यानं २०२२ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली असली तरी कोण कुठल्या वस्तीतला हे न पाहता उत्साहानं ‘फॉल्च’ उधळत सुटू नये.

स्कॉटलंडला फिरायला गेलात तर हाच शब्द तिथंही भेटेल, अर्थ तोच, उच्चार ‘फाल्च’च्या जवळचा. फक्त रेघ उलट्या दिशेला कललेली असते. आयरिश रेघ उजवीकडे चढते, स्कॉटिश रेघ उजवीकडे उतरते. पाटी कुठली हे तेवढ्यावरून ओळखता येतं.

पायरी ८ : कान तयार करा

देवनागरी कितीही ताणली तरी लिहिलेला उच्चार हा अंदाजच असतो. ऐकायलाच हवं.

‘तँग्लन’ नावाचा आयरिश शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. स्पेलिंग टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन, मग डॉट आय-ई. त्यात उच्चारांचा वेगळा विभाग आहे. शब्द टाकला की उत्तर, पश्चिम आणि दक्षिण अशा तिन्ही बोलींतल्या माणसांनी म्हटलेला तो ऐकता येतो. आधी ‘फॉल्च’ तिन्हींत ऐका. वर सांगितलेला ‘च’ आणि ‘त्य’ यांच्यातला फरक तुम्हाला लगेच कळेल. मग एक बोली निवडा आणि तिलाच धरून राहा. गॉलवेत नोकरी असेल तर पश्चिमेची, कॉर्कमध्ये असेल तर दक्षिणेची. डब्लिनकरांनी कुठलीही निवडावी.

गावांची नावं अडली तर ‘लोगन्यम’ हा सरकारी स्थलनामकोश आहे, एल-ओ-जी-ए-आय-एन-एम डॉट आय-ई. रस्त्यावरच्या पाटीवर वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव आणि खाली मोठ्या उभ्या अक्षरांत इंग्रजी नाव असतं. तिरप्या अक्षरांतलं नाव घरी जाऊन या कोशात शोधा. गेल्तख्त म्हणजे आयरिशभाषक मुलखात मात्र खालची इंग्रजी ओळ बऱ्याचदा नसतेच, त्यामुळे डॉनेगॉल, मेयो, गॉलवे किंवा केरीच्या त्या भागात गाडी घेऊन जाण्याआधी नकाशात आयरिश नावं पाहून ठेवलेली बरी.

ऐकण्यासाठी १९७२ पासून चालू असलेली रेडिओ वाहिनी आहे, ‘रादिओ न गेल्तख्त’. दूरचित्रवाणीवर १९९६ पासून ‘टीजी कॅहर’, बहुतेक जण तिला ‘टीजी फोर’ म्हणतात. तिचे बरेच कार्यक्रम इंग्रजी उपशीर्षकांसह असतात, म्हणून नवख्यानं रेडिओपेक्षा तिथून सुरुवात करावी. आधी हवामानाचा अंदाज लावा. वाक्यं तीच तीच येतात, नकाशा समोर असतो, आणि पाऊस पडणार हे तर आपल्याला आधीच ठाऊक असतं.

माणसांत बसून शिकायचं असेल तर १८९३ साली स्थापन झालेली ‘कॉनर न गेल्ग्य’ ही संस्था प्रौढांसाठी वर्ग घेते. दरवर्षी १ ते १७ मार्च या काळात आयरिश भाषेचा उत्सव असतो. नाव ‘आठवडा’ असं असलं तरी चालतो पंधरवड्याहून जास्त. त्या दिवसांत वाचनालयांत, कॅफेत, कंपन्यांच्या जेवणघरांत गप्पांचे गट जमतात. तुमच्या ऑफिसात असा गट नसेल तर मार्चच्या पहिल्या तारखेला कॉफी यंत्रावर ‘फॉल्च रोव’ एवढी चिठ्ठी चिकटवून पाहा, रेघेसकट.